उजवी बाजू

“आण्णा, माझ्याकडं नको, त्या बारक्या भोकाकडं बघा,” मी मोबाइलच्या मागून म्हणाले. “कॅमेरा तिथं असतोय.”

“भोकाकडं बघून काय बोलायचं, बाय? आपल्याला माणसाच्या तोंडाकडं बघून बोलायची सवय.”

“मग मीच त्या भोकात बसलीया असं समजा.”

आण्णा हसले. त्यांच्यामागे बाकावर बसलेला सुजित हसला नाही. त्याच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता आणि दुकानातल्या दिव्याच्या उजेडातही तो चष्मा त्यानं काढला नव्हता.

आण्णा म्हणजे माझे थोरले चुलते, रावसाहेब. माझे वडील मी चालायला लागायच्या आधीच गेले. तेव्हापासून माझी शाळा, माझं आजारपण, माझं लग्न, सगळं आण्णांनी केलं. लग्नात कन्यादान त्यांनीच केलं आणि मांडवात माझ्या आईपेक्षा जास्त तेच रडले. सुजित त्यांचा एकुलता एक मुलगा. तालुक्याच्या गावी एसटी स्टँडच्या मागं माझं हे दुकान होतं. लग्नाचे व्हिडिओ, वाढदिवसाचे बॅनर, आणि नंतर नंतर रील. रील कुणीही काढतो, पण त्यावरची अक्षरं बसवायला लोक माझ्याकडं यायचे. अक्षरांत वैजूचा हात धरणारा कोणी नाही, असं लोक म्हणायचे आणि मीही तसंच समजायचे.

त्या दिवशी काम मात्र धंद्याचं नव्हतं, माझ्या संसाराचं होतं. धाकटी वाडी माझं माहेर आणि थोरली वाडी सासर. मधे एक ओढा. दोन्ही वाड्यांची देवी एकच, माळावरची जानाई. चैत्रात यात्रेला दोन्ही वाड्यांच्या उंच काठ्या, निशाण बांधलेल्या, हलगीच्या तालावर माळ चढतात आणि देवळासमोर त्यांची भेट होते. भेट म्हणजे एका काठीनं दुसरीपुढं लवायचं. आधी कुणाची लवायची यावर आमच्या आजोबा-पणजोबांपासून डोकी फुटत आली आहेत. थोरली वाडी म्हणते आम्ही थोरले, तुम्ही लवा. धाकटी म्हणते देवी सापडली आमच्या रानात, तुम्ही लवा. बाहेरचा माणूस हे ऐकून हसतो. हसणाऱ्यानं एकदा चैत्रात माळावर येऊन बघावं.

मागच्या यात्रेत थोरल्या वाडीकडून दगडांचा मारा झाला होता. एक दगड सुजितच्या उजव्या डोळ्यात बसला. डोळा फुटून गालावर आला होता आणि तो तसाच हातात धरून पोरगा माळ उतरला. दगड कुणी मारला ते शेवटपर्यंत कळलं नाही. पोलिसांनी सगळ्यांना विचारलं आणि सगळ्यांनी सांगितलं की आम्ही नैवेद्याला गेलो होतो. माझा नवरा भरत थोरल्या वाडीची काठी पेलणारा. काठीचा बुंधा त्याच्या कमरेच्या चामडी पट्ट्यात असतो. त्यानं दगड मारला नाही एवढं मला पक्कं ठाऊक होतं, कारण त्याचे दोन्ही हात काठीला होते. पण त्याच्या भावकीतल्या कुणीतरी मारलाच होता. त्या वर्षभरात मी माहेरी गेले की सुजितची आई, माझी काकी, माझ्याशी बोलायची नाही, आणि सासरी परतले की सासू विचारायची, आलीस का बातम्या पोचवून?

धाकट्या वाडीची पोरं यंदा हिशेब चुकता करणार, असं सगळीकडं बोललं जात होतं. म्हणून आण्णा स्वतःहून दुकानात आले आणि म्हणाले, वैजू, मला गावापुढं सांगायचंय की आम्ही गप राहणार, ते तुझ्या त्या रीलमध्ये घाल. तेव्हा मी उठून त्यांच्या पाया पडले. ज्याच्या पोराचा डोळा गेला तोच माणूस असं म्हणत असेल तर बाकीचे कशाला उड्या मारतील? मला माझं माहेर आणि सासर दोन्ही जिवंत हवं होतं, आणि भरत धडधाकट माळ उतरून यायला हवा होता. दुसरं काही नको होतं.

आण्णा छान बोलले. थोडं लांबलं, पण मनापासून बोलले असं वाटलं. मग अक्षरं काय घालायची ते त्यांनी खिशातून लिहून आणलेलं वाचून दाखवलं. जानाईदेवीच्या कृपेने व समस्त ग्रामस्थांच्या एकमताने, अशी सुरुवात होती आणि शेवट कुठं दिसत नव्हता.

“आण्णा, एवढं वाचस्तवर माणूस पुढच्या दोन बायका नाचताना बघून येतोय,” मी म्हणाले. “चार शब्द द्या.”

“मग तूच दे.”

मी टाइप केलं. आम्ही बदला घेणार नाही. पिवळी अक्षरं, काळी किनार, पडद्याच्या मधोमध जरा वर, दोन ओळींत. वरच्या ओळीत आम्ही बदला, खालच्या ओळीत घेणार नाही. आण्णांनी मान वाकडी करून बघितलं आणि विचारलं, एवढी जागा मोकळी असताना मधेच का दाटीवाटीनं बसवलंस? खाली लिही की मोठं, एका ओळीत, बातम्यांत असतंय तसं.

मला कौतुक वाटलं. या वयाचा माणूस इतक्या बारकाईनं विचारतोय म्हणून मी शिकवायला बसले. त्यांना एक भलतंच रील उघडून दाखवलं. उजव्या कडेला खाली बदाम येतो, त्याखाली बोलायचं चिन्ह, त्याखाली पाठवायचा बाण. तिथं अक्षर गेलं की चिन्हांत बुडतं, कुणाला वाचता येत नाही. अगदी तळाला नाव येतं, तिथंही तेच. आवाज तर निम्मे लोक बंदच ठेवतात. स्टँडवर, बँकेच्या रांगेत, मयताच्या घरीसुद्धा लोक रील बघतात, पण मुकाट्यानं. म्हणून जे सांगायचं ते अक्षरात आणि जे अक्षर महत्त्वाचं ते उजव्या बाजूला कधी न्यायचं नाही.

“म्हंजी उजवीकडचं असून नसल्यासारखं,” आण्णा म्हणाले.

“अगदी तसंच.”

सुजितनं त्या वेळी मान वर केली. त्याच्यापुढं हे शब्द बोलायला नको होते असं वाटून मी जीभ चावली आणि विषय बदलला. व्हिडिओ सुजितच्या मोबाइलवर पाठवला, कारण धाकट्या वाडीचं रीलचं खातं तोच चालवायचा. अक्षरं व्हिडिओत न चिकटवता, हलवता येतील अशी वेगळी ठेवून पाठवली, त्यानं मागितली तशी. निघताना आण्णा पायरीवर थांबले. यंदा यात्रेला येऊ नका, म्हणाले. भरतरावांना घेऊन इथं दुकानातच थांबा, गर्दी फार असती. मी म्हणाले, काठी त्यांच्याच कमरेला असते आण्णा, ते कसे थांबतील? आण्णा बरं म्हणून उतरले.

यात्रेच्या दिवशी सकाळी भरत फेटा बांधून घेत होता. मी त्याच्या मागं उभी राहून टोक धरलं होतं. तेवढ्यात धाकटा दीर धनाजी आत आला. धनाजी तापट, पण माझ्याशी कधी वावगं बोललेला नव्हता. त्या दिवशी त्यानं चपलासुद्धा काढल्या नाहीत.

“वहिनी, हे तुमच्याच दुकानातलं न्हवं?”

त्यानं मोबाइल माझ्या नाकापुढं धरला. वाडीच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलेला फोटो होता, रीलवरून काढलेला. आण्णांनी बोलताना बोट उगारलं होतं. अक्षरं लाल होती, मोठी, एका ओळीत, खाली उजवीकडं सरकलेली. आम्ही बदला घेणार. त्यापुढं बदाम, बोलायचं चिन्ह, बाण. बदामाच्या मागून एका अक्षराची वेलांटी बाहेर आली होती. ज्याला माहीत आहे त्यालाच ती दिसली असती.

मी व्हिडिओ लावायला सांगितला. आण्णांच्या आवाजावर कुणीतरी हलगी चढवली होती. ओठ हलत होते, बोट हलत होतं, ऐकू काहीच येत नव्हतं. मी घाईघाईनं माझ्या मोबाइलमधला मूळ व्हिडिओ लावला. त्यात आण्णा स्पष्ट म्हणत होते, “आमी बदला घेनार न्हाई.” आणि वर पिवळ्या अक्षरांत चारही शब्द ठसठशीत होते. धनाजीनं तो शेवटपर्यंत बघितला.

“हा तुमच्या मोबाइलात हाय,” तो म्हणाला. “गावाच्या मोबाइलात त्यो हाय.”

तो गेला. मी आण्णांना फोन लावला, वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. सुजितचा फोन बंदच होता. भरतनं फेट्याचं टोक स्वतःच खोचलं, माझ्या हातातून मोबाइल घेतला आणि म्हणाला, “वर सगळी एका जागी येत्यात. तिथं दाखवतो. वाचता येतंय सगळ्यांना.” तो असाच होता. जगात वाचता आलं की भांडण मिटतं असं त्याला वाटायचं. मीही त्याच्या मागं गाडीवर बसले, कारण घरात बसून वाट बघणं मला झेपणारं नव्हतं.

माळावर आम्ही पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. थोरल्या वाडीची पोरं देवळाच्या उजव्या अंगाला गुलालाच्या पोत्यांजवळ उभी होती. पोती नेहमीपेक्षा जास्त होती आणि त्यातून लोखंडी नळ्यांची टोकं दिसत होती. कुणी लपवायचा फारसा प्रयत्नही केला नव्हता. दोन पोलीस देवळाच्या सावलीत ताक पीत होते. भरतनं काठी कमरेला घेतली, कारण ती वेळ चुकवून चालत नाही. पण पोरांच्या पुढं जाऊन तो ओरडून सांगत राहिला की तसं काही नाही, पुढं ‘नाही’ हा शब्द आहे, तो झाकला गेलाय. हलगी इतकी जोरात होती की शेजारच्यालाही ऐकू गेलं नसेल.

मग धाकट्या वाडीची काठी चढावर दिसली. पुढं आण्णा, पांढऱ्या कपड्यांत, दोन्ही हात रिकामे. त्यांच्यामागं सुजित काळ्या चष्म्यात, त्याच्याशेजारी माझा चुलतभाऊ निवास. मागं पोरांची रांग. आण्णांचा चेहरा शांत होता. मला त्या क्षणी धीर आला, ते मला आजही आठवतं. मला वाटलं, आण्णा पुढं आहेत, आता काही होणार नाही.

भरतनं असं काहीतरी केलं जे थोरल्या वाडीत कधी कुणी केलं नव्हतं. त्यानं चालती काठी कमरेतून काढून दुसऱ्याच्या पट्ट्यात दिली आणि हात मोकळे करून दोन्ही वाड्यांच्या मधे जाऊन उभा राहिला. तोंड आपल्या पोरांकडं, पाठ माझ्या माहेराकडं. त्यानं मोबाइल उंच धरला. व्हिडिओ लावलेला होता. पण चैत्रातल्या दुपारी मोबाइलच्या काचेत काय दिसतं? नुसतं ऊन दिसतं आणि आपलंच तोंड. पोरांनी डोळे बारीक केले. कुणीतरी शिवी दिली. भरतनं काचेवर तळहाताची सावली धरली आणि धनाजीला जवळ ये म्हणून खुणावलं.

“वाच,” तो ओरडत होता. “धन्या, ‘नाही’ लिवलंय. ‘नाही’. वाच की.”

धनाजी जवळ आला तो मोबाइल बघायला नाही. त्याच्या हातात नळी होती आणि त्याची नजर भरतच्या खांद्यावरून मागं निवासवर होती. निवास एक पाऊल पुढं सरकला होता, एवढंच. त्यानं हात उगारला नव्हता. माझ्या माहेरच्या कुणीही उगारला नव्हता, हे पुढं साक्षीत सगळ्यांनी सांगितलं आणि ते खरंच होतं. धनाजीनं नळी फिरवली. भरत त्याच वेळी त्याला अडवायला डावीकडं झाला. नळी निवासला लागायची ती भरतच्या कानामागं बसली.

नारळ फोडल्यावर येतो तो आवाज मी हलगीच्या वर ऐकला. भरत गुडघ्यांवर बसला. मोबाइल अजून हातात होता आणि हात अजून वर होता. मग फेटा एका बाजूनं लाल व्हायला लागला आणि तो तोंडावर पडला. त्याच्या अंगावरून पोरं धावली. थोरल्या वाडीची पोरं पोती फोडून नळ्या घेऊन तुटून पडली. एकाचा जबडा माझ्यासमोर तुटला. एक बाई गुलालात लोळत होती आणि गुलाल कुठला आणि रक्त कुठलं ते कळत नव्हतं. निवासच्या बोटांवर कुणीतरी दगड घातला. दोन्ही काठ्या आडव्या पडल्या, निशाणं पायदळी आली, आधी कुणाची लवली हे विचारायला कुणी शुद्धीवर नव्हतं. मी भरतपर्यंत रांगत गेले. माझ्या पाठीवर लाथा बसल्या, कुणाच्या ते मी बघितलं नाही. त्याचं डोकं मांडीवर घेतलं तर माझा तळहात त्याच्या केसांत आत गेला, जिथं जायला नको तिथं गेला.

धनाजी माझ्यापुढं उकिडवा बसला होता. नळी बाजूला पडली होती. तो दोन्ही हातांनी स्वतःच्या तोंडात मारून घेत होता आणि दादा दादा म्हणत होता. पोलिसांनी त्याला तसाच उचलून नेला. भरत दवाखान्यात पोचायच्या आत गेला.

धनाजीवर भावाच्या खुनाचं कलम लागलं. थोरल्या वाडीची आणखी पोरं आत गेली. धाकट्या वाडीचं कुणी गेलं नाही, कारण त्यांनी हात उचललाच नव्हता आणि ते पोलिसांच्या डोळ्यांदेखत घडलं होतं. शांतता समितीची बैठक झाली आणि आगळीक थोरल्या वाडीची म्हणून पुढच्या वर्षापासून काठी थोरल्यांनी आधी लववावी असं ठरलं. माझ्या सासूचा एक मुलगा सरणावर गेला होता आणि एक कोठडीत होता. ती माझ्याशी एक अक्षर बोलत नव्हती. शेजारपाजारच्या बायका मला ऐकू जाईल असं म्हणायच्या, हिनंच लिहिलं, हिच्या हातानं झालं.

आण्णा भरतच्या मातीला आले होते. माझ्या डोक्यावर हात ठेवून ढसाढसा रडले. सगळ्यांसमोर त्यांनी सांगितलं की चूक वैजूची नाही, माझ्या पोराची आहे. त्याला उजवीकडचं दिसत नाही. व्हिडिओ टाकताना अक्षरं उजवीकडं सरकली, त्याला कळलं नाही. डोळा गेलेल्या पोराला काय बोलणार? दगड तर थोरल्या वाडीनंच मारला होता, त्याचीच ही फेड झाली, असं काही म्हातारी माणसं मान हलवत म्हणाली. मलाही ते पटलं. मी उलट सुजितला निरोप पाठवला की मनाला लावून घेऊ नकोस. इतकी मी शहाणी.

काही आठवड्यांनी मी दुकान उघडलं. घरात बसून वेड लागायची वेळ आली होती. दुपारी सुजित आला. उंबऱ्याबाहेरच घुटमळला, मग आत येऊन त्याच बाकावर बसला. मी त्याला पाणी दिलं. मी म्हणाले, तुझा दोष नाही रे, तुला त्या बाजूचं दिसत नाही, कुणाकडूनही झालं असतं.

त्यानं चष्मा काढला. मी तो डोळा पहिल्यांदाच उघडा बघितला. खोबणीत कातडी आत ओढली गेली होती.

“आक्का, उजवीकडचं दिसत न्हाई, दिसत न्हाई म्हनून सगळी माझी कीव करत्यात,” तो म्हणाला. “मान वळवली की दिसतंय की.”

मला आधी समजलं नाही. मग त्यानं खाली बघत सगळं सांगितलं. दुकानातून घरी गेल्यावर आण्णांनी त्याला जवळ बसवलं होतं. अक्षरं एका ओळीत घे म्हणाले. लाल कर म्हणाले. वैजू म्हणाली ते बदामाचं ठिकाण कुठलं, तिथवर ने म्हणाले. सुजितनं नेली. अजून थोडं, म्हणाले. ‘नाही’ पूर्ण आत गेला का बघ. मग दुसऱ्या मोबाइलवर उघडून स्वतः खात्री केली. माझा आवाज पण झाक, हलगी घाल, म्हणाले. आणि यात्रेच्या सकाळी मी फोन लावत होते तेव्हा वाजता मोबाइल मांडीवर ठेवून आण्णा त्याकडं बघत बसले होते.

“मला वाटलं नुस्ती मारामारी हुईल,” सुजित म्हणाला. “भावजी मधी येतील असं वाटलं न्हवतं.”

मी दुकानाचं शटर ओढलं आणि त्याला म्हणाले, चल.

आण्णा गोठ्यात म्हशीला पेंड कालवत होते. आम्हा दोघांना एकत्र बघून त्यांनी हात बादलीतून काढला आणि धोतराला पुसला. त्यांना कळलं. मी विचारलं, ‘नाही’ तुम्ही झाकायला लावलंत? त्यांनी नाकारलं नाही. बस म्हणाले. मी बसले नाही.

ते सावकाश बोलायला लागले. पोराचा डोळा गेला तेव्हा एक नाव पुढं आलं नाही, म्हणाले. एक माणूस पुढं येऊन म्हणाला नाही की माझ्या हातून झालं. आम्ही बदला घेतला असता तर आमचीच पोरं आत गेली असती. म्हणून थोरल्या वाडीनंच आधी हात उचलावा, पोलिसांसमोर उचलावा, आणि त्यांची नावं लागावीत, एवढंच डोक्यात होतं. आपल्या पोरांना बजावून ठेवलं होतं, मार खा पण हात उचलू नका. मुडदा पडावा असं मनात नव्हतं, जानाईची शपथ.

“भरत पुढं असणार, हे ठाऊक होतं तुम्हाला,” मी म्हणाले.

“तुला सांगितलं व्हतं मी. दुकानात थांबा म्हनून.”

“का थांबा ते नाही सांगितलं.”

“सांगितलं असतं तर तू करून दिलं असतंस का?”

ते असं म्हणाले आणि मग त्यांनाच ते ऐकू गेलं असावं. त्यांची मान खाली गेली. माझ्या डोक्यात त्या वेळी नळी होती, गुलालाच्या पोत्यातली, आणि ती माझ्या हातात असती तर मी फिरवली असती. कोपऱ्यात विळा होता. मी त्याच्याकडं बघितलं, आण्णांनीही बघितलं, आणि ते हलले नाहीत. मार म्हटल्यासारखे उभे राहिले. ज्या हातानं मला घास भरवले तो हात पेंडीनं भरलेला, लोंबत होता. काकी चुलीपुढून धावत आली आणि मधे उभी राहिली. मी थोरल्या वाडीत जाऊन एवढं तोंडानं सांगितलं असतं तरी दिवस मावळायच्या आत या गोठ्यात कुणी जिवंत राहिलं नसतं, सुजितसकट. आण्णांनाही ते ठाऊक होतं.

“कुठं चाललीस?” मी वळल्यावर त्यांनी विचारलं.

“चौकीत.”

“हे तुझं माहेर हाय, वैजू. ह्या दाराला पुना पाय लागनार न्हाई तुझा.”

मी चालू लागले. सुजित माझ्यामागं आला. काकीनं त्याला हाक मारली, दंडाला धरलं, पण त्यानं तिचा हात सोडवला. वाटेत ओढ्यात तो खाली बसून उलटी करत राहिला आणि मी त्याची पाठ चोळली.

चौकीत जबाब घ्यायला एक म्हातारा हवालदार होता. त्यानं आधी हात जोडले, कारण भरतला तो ओळखायचा. साहेबांनी दोन्ही व्हिडिओ बघितले, सुजितला वेगळ्या खोलीत नेलं आणि बऱ्याच वेळानं बाहेर येऊन म्हणाले, चिथावणीचं कलम लागेल, किती टिकेल सांगता येत नाही, पण धनाजीच्या बाजूनं याचा उपयोग होईल. मला तेवढं पुरे होतं. एका आईला दोनपैकी एक तरी मुलगा परत मिळायला हवा होता.

हवालदारानं कागद पुढं ओढला. माझं नाव, वय, धंदा विचारला. मयताशी नातं विचारलं, मी पत्नी म्हणाले. मग त्यानं आण्णांचं पूर्ण नाव लिहून घेतलं, रावसाहेब हे नाव लिहिताना दोनदा विचारलं, आणि पेन थांबवलं.

“हे तुमचे कोण लागतात?”

माझ्या मांडवात अंतरपाटामागं उभे असलेले आण्णा मला दिसले. तापात रात्रभर कपाळावर पट्ट्या बदलणारे दिसले.

“कोणी नाही,” मी म्हणाले.

हवालदारानं चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि लिहून घेतलं.